फायनल प्लॉट: आपली उपनगरं कुठल्या नियमानं उभी राहिली, आणि पनवेलकडे आता काय चाललंय

बोरिवली पश्चिमेला बाभई नाक्याजवळ टीपीएस रोड आहे. रिक्षावाल्याला नाव सांगितलं की तो बरोबर आणून सोडतो. पण टीपीएस म्हणजे काय, हे आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाच सांगता येईना. रिडेव्हलपमेंटसाठी कागद जमवायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मिळकत पत्रिका काढली. त्यावर सर्व्हे नंबर, सीटीएस नंबर आणि त्याशिवाय आणखी एक नंबर: फायनल प्लॉट क्रमांक. कमिटीतल्या एका काकांनी विचारलं, "फायनल म्हणजे? आधी सेमीफायनल होता काय?" सगळे हसले. पण प्रश्न अगदी बरोबर होता. फायनलच्या आधी ओरिजिनल होता. आमच्या बिल्डिंगखाली कुणाचं तरी शेत होतं, त्या शेताला मूळ भूखंड म्हणून एक नंबर पडला होता, आणि एका कायद्यानं त्या शेताचा प्लॉट केला होता.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण माझी मावशी. ती पनवेल तालुक्यात दिलेली. तिथं 'नैना'ची टीपी स्कीम आली आहे. मावसोबांचा फोन आला, "तुमच्या बोरिवलीला म्हणे शंभर वर्षांपूर्वी हेच झालं होतं. मग शेतकऱ्याला काय मिळालं रे? तो आहे का अजून तिथं?" मला फोनवर धड उत्तर देता आलं नाही. म्हणून ही पोस्ट, जरा लांब आहे.

मंडळी, पहिली गोष्ट ही की आपली उपनगरं ही एकेकाळची 'ग्रामीण भागातली नवीन शहरं'च आहेत. साष्टी बेटातली गावं: एक्सर, शिंपोली, वझिरा, आंबोली, चकाला, मरोळ, किरोळ. भाताची खाचरं, मुंबईच्या घोड्यांना आणि गुरांना लागणारं गवत, ताडामाडाच्या वाड्या. हा सगळा ठाणे जिल्हा होता. मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला १९२० मध्ये. आणि मुंबई महापालिकेची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आली १९५० मध्ये, दहिसर-मुलुंडपर्यंत १९५७ मध्ये. म्हणजे 'आम्ही मूळचे मुंबईकर' असं बोरिवली-मुलुंडवाल्यांनी फार ताठ मानेनं सांगू नये. आमचे आजोबा इथं आले तेव्हा ते गावातच राहायला आले होते.

१८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि लोक शहराबाहेर पळू लागले. सरकारला दाट वस्त्या पाडून नवीन जागा हवी होती. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर, माटुंगा, वडाळा, शीव ही त्याची कामगिरी. पद्धत सरळ होती: जमीन संपादन करायची, मालकाला पैसे द्यायचे, रस्ते आखायचे, प्लॉट पाडून भाडेपट्ट्यानं द्यायचे. शहर देखणं झालं, पाच उद्यानं बघायला आजही लोक जातात. पण ज्याची वाडी होती तो पैसे घेऊन बाजूला झाला. पुढं त्या जमिनीची किंमत किती का वाढेना, त्याचा त्यात काही वाटा नव्हता.

त्यात ट्रस्टची अडचण अशी की एवढी जमीन विकत घ्यायला पैसा कुठून आणायचा? साष्टीतली गावंच्या गावं अशी संपादन करणं सरकारला झेपणारं नव्हतं. तेव्हा १९१५ मध्ये मुंबई नगररचना कायदा आला, बॉम्बे टाऊन प्लॅनिंग ॲक्ट. यातली कल्पना जर्मनीतल्या फ्रँकफुर्टकडून आली होती. तिथं १९०२ साली महापौर आडिकेस यांच्या नावानं ओळखला जाणारा कायदा झाला होता: शेतकऱ्यांची जमीन विकत न घेता ती कागदावर एकत्र करायची, नवीन आखणी करायची, आणि प्रत्येकाला त्याच्या हिश्शाचा आटोपशीर प्लॉट परत द्यायचा.

समजा तुमच्या आजोबांची जमीन एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे. तीन तुकड्यांत. एक लांबडा पट्टा, एक नाल्याकाठचा त्रिकोण, एक खाचर ज्याला जायला बांधावरून वाट. घर बांधायला तिन्ही निकामी. स्कीमवाले येतात, सगळ्या गावाची जमीन मोजतात, रस्ते, मैदान, शाळेची जागा काढतात, त्यासाठी प्रत्येकाच्या जमिनीतून सारख्या प्रमाणात वाटा कापतात, आणि उरलेल्याचा एक चौकोनी प्लॉट तुम्हाला देतात, शक्यतो तुमच्या मूळ जमिनीच्या जवळ आणि रस्त्याला लागून. जमीन कमी झाली, पण तिला भाव आला. त्या वाढलेल्या भावातला निम्म्यापर्यंतचा भाग सुधारणा आकार म्हणून स्कीमनं घ्यायचा आणि त्यातून रस्ते-गटारं करायची. भांडणं मिटवायला लवाद. मूळ भूखंड ते अंतिम भूखंड, हा सगळा हिशेब एका तक्त्यात मांडायचा. आमच्या मिळकत पत्रिकेवरचा फायनल प्लॉट तो हाच.

सुरुवातीच्या स्कीमा वांद्र्याला झाल्या, मग सांताक्रूझ, पार्ले, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर. घाटकोपरच्या जुन्या सोसायट्यांच्या कागदांवर 'टीपीएस ३' अजून सापडतं, पार्ल्यात 'टीपीएस ६'. घाटकोपर आणि मुलुंडला 'नाइन्टी फीट रोड' आहेत. रस्त्याला माणसाचं नाव न देता त्याच्या रुंदीचं नाव पडावं, यातच त्या काळाची एक गंमत आहे. लोकांनी आधी नकाशावरचा आकडा पाहिला, रस्ता मागाहून आला.

मुलुंडची गोष्ट जरा वेगळी, आणि आजच्या टाऊनशिपशी फार जुळणारी. पश्चिमेला स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंत रस्त्यांची जी चौकट दिसते ती एका खाजगी जमीनमालक कंपनीनं, झवेरदास आणि कंपनीनं, १९२२ च्या सुमारास क्राउन अँड कार्टर या वास्तुरचनाकारांकडून आखून घेतली असं सांगितलं जातं. म्हणजे बिल्डरनं गावाकडे जमीन घेऊन शहर वसवणं ही काही डोंबिवलीपलीकडे कालपरवा निघालेली टूम नाही. फरक एवढाच की मुलुंडच्या त्या रस्त्यांना फाटक नाही. सकाळी भाजीवाला, दुपारी भंगारवाला, रात्री कुल्फीवाला, कुणीही येतो-जातो.

आता मावसोबांचा खरा प्रश्न: शेतकऱ्याला काय मिळालं?

खरं उत्तर असं की ज्याचं नाव कागदावर होतं त्याला मिळालं. आणि साष्टीत कागदावरचं नाव बहुतेक वेळा कसणाऱ्याचं नव्हतं. इंग्रजांनी इथं गावंच्या गावं खोतांना आणि मोठ्या शेटजींना लावून दिली होती. बैरामजी जीजीभॉयना १८३० मध्ये साष्टीतली अनेक गावं मिळाली. मालाड-गोरेगावकडे एफ. ई. दिनशॉ यांची मोठी इस्टेट, जिच्या ट्रस्टचं नाव आजही जमिनीच्या व्यवहारांत येतं. खाली नांगर धरणारा आगरी, कुणबी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती, भंडारी, पाड्यातला वारली हा कूळ किंवा नुसता मजूर. कूळकायदा आला १९४८ मध्ये, साष्टीतल्या इस्टेटींबाबतचा कायदा १९५१ मध्ये. तोवर बऱ्याच स्कीमा आखून झाल्या होत्या. त्यामुळे अंतिम भूखंड इस्टेटवाल्यांना मिळाले, काही पाटील-म्हात्रे-डिसोझा कुटुंबांनाही मिळाले, आणि पाड्यातल्या माणसाला काहीच मिळालं नाही. त्याच्या पोरांची घरं आज कुठल्या तरी नकाशात 'अतिक्रमण' म्हणून रंगवलेली आहेत.

दुसरी गोष्ट गावठाणांची. स्कीमवाले शेतं आखत होते. घरं असलेलं गावठाण त्यांनी बहुतेक ठिकाणी तसंच सोडलं, कारण तिथं हात घातला तर भांडणं. मुंबईत १८९ गावठाणं आहेत असा आकडा नेहमी दिला जातो. चकाला किंवा वझिऱ्याला जाऊन बघा: चाळीस फुटी रस्ता सरळ येतो आणि गावठाणाच्या तोंडाशी त्याची एकदम गल्ली होते. गावठाण म्हणजे गरिबी किंवा अव्यवस्था असं नवीन माणसाला वाटतं. नियोजनकारांनी ते वगळलं म्हणून ते तसं राहिलं, हे कुणी सांगत नाही.

आणि गंमत बघा, आज सगळी सेमिनारं ज्या 'मिश्र वापरा'चं कौतुक करतात तो गावठाणात आधीपासून होता. खाली पडवीत किराणा, मागं कोंबड्या, वर मुलगा-सून, शेजारी पिठाची गिरणी, समोर क्रूस नाहीतर मारुती. जुन्या टीपी स्कीममधल्या रस्त्यांवरही हेच झालं. खाली दुकानं, डॉक्टरचा दवाखाना, वर दोन मजले भाडेकरू. वापरांची काटेकोर वाटणी विकास आराखड्यांबरोबर पक्की झाली. पुढं १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत 'आर-१' म्हणजे नुसतं राहायचं आणि 'आर-२' म्हणजे राहायचं अधिक शॉप लाइन, अशी विभागणी होती. रस्त्याच्या एका बाजूला दुकान कायदेशीर, दुसऱ्या बाजूला तेच दुकान बेकायदा. वॉर्ड ऑफिसात ज्यानं चकरा मारल्यात त्याला 'शॉप लाइन' हा शब्द झोपेतही ऐकू येतो! २०३४ च्या आराखड्यासोबतच्या नियमावलीनं ती वाटणी बरीच सैल केली, ते बरंच झालं.

मग टीपी स्कीमचं पुढं काय झालं? महाराष्ट्रात ती जवळजवळ विसरली गेली. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात, त्यात तिचं प्रकरण आहे. पण वापर थांबला. कारण वेळ. एकेक स्कीम लवादाकडे वर्षानुवर्षं पडून राही, तोवर मूळ मालक वारलेला, वारस भांडत बसलेले. सरकारला विकास आराखडा आणि आरक्षण सोपं वाटलं: नकाशावर रंग भरायचा आणि जमीन पुढं कधीतरी घेऊ म्हणायचं. शेजारच्या गुजरातनं मात्र स्कीम सोडली नाही. कायदा आपल्या दोघांचा एकच होता, १९६० पर्यंत राज्यही एकच. त्यांनी १९७६ च्या कायद्यात ती आणखी घट्ट केली, आणि अहमदाबादचा वाढीव भाग बराचसा टीपी स्कीमांतून उभा राहिला. याचा विचार केला की मला जरा वाईटच वाटतं. आपल्या वांद्र्या-बोरिवलीला घडलेलं हत्यार आपण माळ्यावर टाकलं आणि त्यांनी रोज वापरून धारदार ठेवलं.

आपण काय केलं? १९७० मध्ये सिडको स्थापन केली आणि खाडीपलीकडे ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांची जमीन संपादनाला काढली. कल्पना उत्तम होती, चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ती १९६५ मध्ये मांडली होती: मुंबईवरचा बोजा उतरवणारं जुळं शहर, जिथं नोकऱ्या आणि घरं दोन्ही. पण जमीन घेण्याची पद्धत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचीच. सगळी जमीन सरकारची, शेतकऱ्याला रोख पैसे. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आगरी-कोळी शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात जासई-दास्तान भागात गोळीबार झाला आणि पाच जण गेले. आज नवी मुंबईत पंचवीस मजली टॉवरमध्ये राहणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे? विमानतळाला 'दिबां'चं नाव द्या म्हणून लोक रस्त्यावर उतरले तेव्हा पश्चिम उपनगरातले माझे मित्र विचारत होते, हे दिबा कोण. साडेबारा टक्के योजना या लढ्यातून आली. जितकी जमीन गेली त्याच्या साडेबारा टक्के विकसित प्लॉट परत. त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी पावणेचार टक्के कापले जातात. चाळीस गुंठ्यांचे पाच गुंठे, आणि कापून साडेतीन. तरी लोकांनी ते स्वीकारलं, कारण आधी शून्य होतं. शिवाय गावठाणांचा विस्तार वेळेवर झाला नाही, म्हणून वाढत्या कुटुंबांनी बांधलेल्या घरांना तिथं 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात. सरकारी कागदांवरही हाच शब्द असतो. मला तो फार प्रामाणिक वाटतो.

त्यानंतरचा काळ खाजगी टाऊनशिपचा. १९९६ मध्ये गिरिस्थानांचे नियम आले, लवासा त्यातलंच. २००५-०६ मध्ये पुणे आणि मुंबई प्रदेशासाठी विशेष नगर वसाहतीचे नियम आले, २०१६ मध्ये एकात्मिक नगर वसाहत धोरण, आणि आता ते सगळं २०२० च्या एकत्रित नियमावलीत आहे. यातल्या मुख्य अटी साध्या आहेत: किमान ४० हेक्टर, म्हणजे शंभर एकर सलग जमीन, आणि तिथं पोचणारा किमान १८ मीटरचा रस्ता. घरं, दुकानं, ऑफिसं, शाळा, दवाखाना, बाजार, अग्निशमन, मैदान हे सगळं आतच द्यायचं. दरडोई रोज १४० लिटर पाणी दाखवायचं. कागदावर हे मिश्र वापराचं आदर्श शहर आहे, आणि अशा काही वसाहतींत गटारं, झाडं, फुटपाथ आपल्या उपनगरापेक्षा कितीतरी बरे आहेत, हे मान्य करायलाच हवं.

बदल्यात सरकारनं काय दिलं ते बघा. सुरुवातीच्या नियमांतच अकृषिक परवानगीची कटकट काढून टाकली, मुद्रांक शुल्कात सवलत दिली, जमीनधारणेच्या कमाल मर्यादेतून सूट दिली. आणि कूळकायद्याचं कलम ६३, ज्यानुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, तेही शिथिल केलं. तुम्ही-आम्ही कर्जतला पाच गुंठे शेत घ्यायला गेलो तर तलाठी विचारतो, शेतकरी दाखला आहे का? शंभर एकर घेणाऱ्याला ती अडचण येत नाही.

'सलग शंभर एकर' या तीन शब्दांत मात्र खरी मेख आहे. अट सलग जमिनीची असली की मधल्या शेतकऱ्याला 'मला विकायचं नाही' म्हणणं अवघड होतं. चारी बाजूंनी जमीन गेली, बांधावरची वाट बंद झाली, पाण्याचा उतार बदलला की शेती कशी करणार? दलाल आधी कडेच्या जमिनी का घेतात हे गावात कुणालाही विचारा. १९१५ च्या नियमात एकटा शेतकरीही स्कीमच्या आत राहायचा, त्याला प्लॉट देणं भाग होतं. टाऊनशिपच्या नियमात तो स्कीमच्या बाहेर पडल्याशिवाय स्कीम सुरूच होत नाही. जमीन विकली की चाळीस गुंठ्यांतले शून्य गुंठे हातात, आणि पैसे, जे एका बंगल्यात, एका स्कॉर्पिओत आणि दोन लग्नांत संपतात. हे मी हिणवून लिहीत नाही. रोज भात लावणाऱ्या माणसाला एकरकमी पैशाचं काय करायचं हे शिकवणारं कुणी नसतं.

याला एक अपवाद महाराष्ट्रात घडला आणि तो सगळ्यांनी अभ्यासावा असा आहे. पुण्याजवळ हडपसरला मगर मंडळींनी, सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी, सतीश मगर यांच्या पुढाकारानं आपली चारशे एकरांच्या घरातली जमीन एकत्र केली आणि स्वतःच कंपनी काढली. ज्याची जितकी जमीन तितके त्याचे शेअर. बिल्डरला विकण्याऐवजी तेच बिल्डर झाले. मगरपट्टा सिटी उभी राहिली, आयटी कंपन्या आल्या, आणि शेतकऱ्यांची मुलं तिथं ठेकेदार, व्यावसायिक झाली. मात्र तिथं भावकी एक होती, नेतृत्व होतं, आणि जमीन ऐन शहराच्या तोंडाशी होती. सगळीकडे हे जमेल असं नाही.

समृद्धी महामार्गाच्या वेळी सरकारनं पुन्हा लॅंड पूलिंग आणलं. जिरायती जमिनीला २५ टक्के, बागायतीला ३० टक्के विकसित भूखंड, शिवाय दहा वर्षं वार्षिक रक्कम. शेतकऱ्यांनी काय केलं? बहुसंख्यांनी थेट खरेदी आणि रोख पैसे पत्करले. प्लॉट कधी मिळेल, कुठं मिळेल, तिथं शहर खरंच होईल का, यावर विश्वास नव्हता. मला यात त्यांची काही चूक दिसत नाही. साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटसाठी वाट बघता बघता म्हातारी झालेली माणसं त्यांनी पाहिली होती.

आणि आता नैना. नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्राचा हा पट्टा २०१३ मध्ये अधिसूचित झाला, सिडको नियोजन प्राधिकरण, सुरुवातीला २७० गावं. आधी 'जमीन एकत्र करून स्वेच्छेनं या' असं म्हणून पाहिलं, ते फार चाललं नाही. मग टीपी स्कीम काढली. म्हणजे बोरिवलीचं शंभर वर्षांपूर्वीचं हत्यार माळ्यावरून खाली आलं! मी तरी याचं स्वागत करतो. शेतकरी स्कीमच्या आत राहतो, त्याला त्याच्या नावाचा अंतिम भूखंड मिळतो, हे साडेबारा टक्क्यांपेक्षा आणि शून्य गुंठ्यांपेक्षा नक्कीच बरं.

पण वाटा बघा. नैनात मालकाला ४० टक्के परत, ६० टक्के स्कीमला. चाळीस गुंठ्यांचे सोळा. गुजरातच्या कायद्यात कपातीची वाटणी लिहिलेली आहे: रस्त्यांना १५ टक्के, बागा-मैदानांना ५, शाळा-दवाखान्यांना ५, आणि खर्च भागवायला विक्रीसाठी १५. एकूण ४० कापले, ६० परत. म्हणजे तिथं चोवीस गुंठे राहतात. त्याच कायद्याचे दोन भाऊ, आणि आठ गुंठ्यांचा फरक.

सिडकोचं म्हणणं असं की प्लॉट छोटा असला तरी त्यावर अडीच एफएसआय आहे. चाळीस टक्क्यांवर अडीच म्हणजे मूळ जमिनीवर एक, तेव्हा तुमचं काहीच गेलं नाही. गणित बरोबर आहे. पण एफएसआय हा बिल्डरला दिसणारा पैसा आहे. सोळा गुंठ्यांवर अडीच एफएसआय वापरायचा तर इमारत उभी करावी लागते, त्याला भांडवल लागतं, गिऱ्हाईक लागतं, पाणी आणि रस्ता लागतो. मावसोबांना दोन खोल्या, गोठा आणि भाजीचा एक तुकडा हवा आहे. त्यांच्यासाठी अडीच एफएसआयचा अर्थ इतकाच की जागा बिल्डरला द्यावी लागणार. रस्ते आधी झाले आणि प्लॉटचा ताबा लवकर मिळाला तर निदान भाव तरी चांगला येईल. रस्ते दहा वर्षं रखडले तर तो एफएसआय कागदावरच म्हातारा होईल. तिथल्या शेतकऱ्यांच्या मोर्च्यांमागं हे आहे. 'विकासाला विरोध' असं लेबल लावून मोकळं होऊ नका.

आणि गोष्ट नैनावर थांबत नाही. अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उरण-पनवेल-पेणमधल्या १२४ गावांसाठी एमएमआरडीएला कर्नाळा-साई-चिरनेर नवनगराचं प्राधिकरण नेमलं. सुमारे ३२३ चौरस किलोमीटर. पेपरवाले त्याला 'तिसरी मुंबई' म्हणतात. तिथं जमीन कुठल्या पद्धतीनं घेतात, संपादन, पूलिंग, टीपी स्कीम की बिल्डरांनी परस्पर खरेदी, यावर त्या १२४ गावांतली माणसं तीस वर्षांनी त्या शहरात मालक असतील, भाडेकरू असतील की वॉचमन, हे ठरेल. आपल्यालाही यात भाग आहे, कारण तिथले फ्लॅट घेणार कोण? बोरिवली-मुलुंडला परवडत नाही म्हणून आपलीच मुलं.

ज्यांची माणसं नैना किंवा त्या १२४ गावांत आहेत त्यांच्यासाठी काही कामाच्या गोष्टी, मावसोबांना सांगितल्या त्याच. टीपी स्कीमचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकतीला ३० दिवस असतात, त्या तारखेवर लक्ष ठेवा. 'फॉर्म नंबर १' नावाचा तक्ता मागून घ्या. त्यात मूळ भूखंडाचं क्षेत्र, त्याची धरलेली किंमत, अंतिम भूखंडाचं क्षेत्र आणि तुमच्याकडून किती अंशदान घ्यायचं, हे सगळं ओळीनं असतं. मूळ क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून बघा, मोजणीत गुंठाभर फरक सहज पडतो. अंतिम भूखंड गावाच्या दुसऱ्या टोकाला टाकला असेल तर तेवढ्या एका मुद्द्यावर लेखी हरकत द्या. लवादाची नोटीस स्वतः घ्या, शेजाऱ्याकडे राहू देऊ नका. आणि सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल, किंवा कूळ म्हणून कसणाऱ्याची नोंद राहून गेली असेल, तर ती वारसनोंद आणि कुळाची नोंद स्कीमच्या आधी तलाठ्याकडे करून घ्या. फायनल प्लॉट ज्याचं नाव तिथं असेल त्याच्याच नावानं निघतो.